झडीच्या दिवसांत चूल पेटवा, पण पेट्रोलने नव्हे!



आषाढ-श्रावणात चार-चार दिवस झड लागते. सरपण ओले, गोवऱ्या ओल्या, काड्याची पेटीसुद्धा सर्दावलेली. घरधनीण फुंकून फुंकून बेजार होते, डोळ्यांतून पाणी आणि घरभर धूर. २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरांत गॅस आला हे खरे. पण अंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण, पाहुण्यारावळ्यांचा मोठा स्वयंपाक यांसाठी अंगणातली चूल अजून सुटलेली नाही.

पूर्वी अशा वेळी रेशनचे रॉकेल हाताशी असे. आता बहुतेक गावांत ते मिळेनासे झाले. मग काय होते? मोटारसायकलच्या टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढले जाते. आजचे बोलणे याच गोष्टीसाठी आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भागातल्या एका वस्तीवर असाच प्रकार झाला. चूल विझली असे समजून एका तरुण शेतकऱ्याने तिच्यात पेट्रोल ओतले. राखेखाली विस्तव होता. एकदम भडका उडाला आणि धारेबरोबर जाळ हातातल्या बाटलीपर्यंत आला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. ऐन खुरपणीच्या दिवसांत माणूस दवाखान्यात, आणि सोयाबीनमध्ये तण गुडघ्याला लागले. जीव वाचला हे नशीब.

असे का होते ते समजून घ्या. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ही वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांवरसुद्धा पेट घेण्याइतकी सुटते. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून दिसत नसताना जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. आपल्या गोडेतेलाचे तसे नाही. थंड तेलाच्या वाटीत जळती काडी बुडवली तर काडी विझते. तेच तेल वातीला लावले की वात शांतपणे जळत राहते. चुलीला लागतो तो असा शांत आणि टिकाऊ जाळ. भडका काय कामाचा?

आता तुम्ही म्हणाल, जाळायला तेल कोणाला परवडते? बरोबर आहे. म्हणूनच घरात जे खाण्याच्या कामाचे राहिले नाही, तेच वापरायचे.

पहिली वस्तू सुके खोबरे. एका गावी चावडीच्या ओट्यावर मी खोबऱ्याचा काप पेटवून दाखवणार म्हटल्यावर मंडळी हसली. काप चिमट्यात धरून दिव्याच्या ज्योतीवर धरला. आधी चुरचुरला, तेल सुटले, आणि मग पणतीसारखा जळायला लागला. सगळे गप्प झाले! सुक्या खोबऱ्यात शंभर भागांत साठांहून अधिक भाग तेल असते. वाटी खवट झाली, तिला कीड लागली, तर ती फेकू नका. बोटाएवढे पातळ काप करून डब्यात ठेवा. एका वेळेला दोन काप पुरे होतात.

दुसरी वस्तू भुईमूग. दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. टाचणीला टोचलेला दाणा पेटवून पाणी तापवण्याचा प्रयोग शाळेत करतात, तो याच कारणाने. चांगले दाणे अर्थात खायचे आणि विकायचे. पण भिजून बुरशी आलेल्या शेंगा माणसांनी खाऊ नयेत आणि जनावरांनाही घालू नयेत. या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि दुभत्या जनावराच्या दुधातही उतरते. अशा शेंगा हातांनी चोळू नका, पाखडू नका. तोंडाला फडके बांधून उचला आणि अंगणातल्या पाण्याच्या चुलीत जाळून टाका. चांगल्या शेंगांची टरफले मात्र पोत्यात कोरडी साठवा. मूठभर टरफल काटक्यांखाली लगेच धरते.

तिसरी वस्तू तळणीचे उरलेले तेल. मक्याचे बुरकुंड उन्हात कडक वाळवा. त्याचे एक टोक या तेलात रात्रभर उभे ठेवा, सकाळी निथळून घ्या. पाऊस सुरू होण्याआधी वीस-पंचवीस बुरकुंडे अशी तयार करून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. बुरकुंड नसेल तर तेलात भिजवलेली देवाची फुलवातही चालते. शिळे, मऊ पडलेले तळलेले पापड आणि कुरडयासुद्धा झटकन पेटतात, कारण त्या तेल प्यालेल्या असतात.

चौथी वस्तू संत्र्याची साल. विदर्भातल्या पोरांना हा खेळ माहीत आहे. ताजी साल दिव्याजवळ पिळली की तुषार उडून ठिणग्या चमकतात. सालीतले सुगंधी तेल पेटते ते. साल कडक वाळवून ठेवली तर पेटवणाला उत्तम. कांद्या-लसणाची वाळली सालपटे कागदासारखी पेटतात, पण क्षणभरच. ती खोबऱ्याच्या किंवा टरफलांच्या जोडीला घ्या.

आता काय जाळू नये तेही ऐका. काजूची टरफले आणि बिब्बा जोरात जळतात खरे, पण त्यांच्या तेलाने कातडी उतते आणि धूर डोळ्यांना, छातीला बाधतो. घरच्या चुलीत ते घालू नका. पीठ किंवा पिठीसाखर जाळावर कधीही उधळू नका. हवेत पसरलेले बारीक पीठ एकदम पेटते आणि तोंड भाजते. जवसाच्या किंवा करडईच्या तेलाच्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नका. तेल हवेत सुकताना उष्णता तयार होते आणि ढीग आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा.

पेटवण कितीही चांगले असले तरी सरपण ओले असेल तर चूल धुमसणारच. एक लिटर गार पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात जाते. ओल्या लाकडात तुमचा जाळ असा वाया जातो. म्हणून वैशाखातच लाकूड फोडून पत्र्याखाली, जमिनीपासून वीतभर उंच रचा. तुरकाठ्या, पऱ्हाटी, नारळाची सोडणे यांची एक वेगळी कोरडी मोळी फक्त पेटवणासाठी राखून ठेवा. चूल लावताना खाली पेटवण, त्यावर बोटाएवढ्या काटक्या आडव्या-उभ्या, मधून हवेला वाट, आणि जाळ धरल्यावरच जाड लाकूड. आपल्या आज्या रात्री निखारे राखेत पुरून ठेवत आणि सकाळी त्यावरच चूल पेटवत. ती रीत अजूनही मोलाची आहे.

शेवटी, एवढे करूनही अंगावरच्या कपड्याने पेट घेतलाच तर पळू नका. जमिनीवर लोळा, घोंगडी किंवा जाड गोधडी गुंडाळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. शाई, टूथपेस्ट, हळद लावू नका. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा. कढईतले तेल पेटले तर पाणी ओतू नका, विस्तव बाजूला करून झाकण घाला.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. पेट्रोल, डिझेल चुलीजवळ आणू नका. विझलेली दिसणारी चूल विझलेली असतेच असे नाही.
२. खवट खोबरे, टरफले, तेलातली बुरकुंडे, संत्र्याची साल कोरड्या डब्यात तयार ठेवा.
३. बुरशीच्या शेंगा जनावराला घालू नका, जाळा.
४. सरपण वैशाखात फोडा, उंचावर रचा.

मंडळी, पेट्रोलची बाटली वाचवते ती चार-पाच मिनिटे. तेवढ्यासाठी हात पणाला लावू नका. या हातांवरच तुमचा हंगाम उभा आहे. बुरकुंडांचा डबा या रविवारीच भरून ठेवा आणि कसा उपयोग झाला ते आम्हाला पत्राने कळवा.