सैरंध्रीचे अरण्य : वाचले, आता राखायचे आहे

(एका व्याख्यानाचा संपादित भाग)



अज्ञातवासात विराटाच्या राजवाड्यात द्रौपदीने सैरंध्री हे नाव धारण केले होते. केरळच्या पालक्काड जिल्ह्यात, निलगिरीच्या कुशीत, एका अरण्याला स्थानिक लोक सैरंध्रीवन म्हणतात आणि त्यातून वाहणारी नदी कुंती. पांडव येथे राहून गेले, अशी लोकश्रद्धा आहे. जगाला हे अरण्य 'सायलेंट व्हॅली' या नावाने ठाऊक आहे.

हे सदाहरित वर्षावन आहे. येथील सिंहपुच्छ वानराचेच उदाहरण घ्या. काळा देह, तोंडाभोवती करडी आयाळ, सिंहासारखे गोंडेदार शेपूट. पश्चिम घाटाबाहेर जगात हा कोठेही निसर्गतः आढळत नाही. कुलेनिया नावाच्या उंच वृक्षाची फळे हा त्याचा मोठा आधार. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीला फांदी भिडलेली असते, तोवर त्याचा संसार चालतो. मध्ये रस्ता किंवा मळा आला की कळप तुटतात आणि तुटलेले कळप हळूहळू क्षीण होतात. झाड, फळ आणि वानर ही एकच साखळी आहे.

१९७३ मध्ये नियोजन आयोगाने कुंती नदीवरील जलविद्युत प्रकल्पाला मान्यता दिली. १२० मेगावॅट वीज मिळणार होती आणि सुमारे ८३० हेक्टर वन बुडणार होते. मलबार मागासलेला होता, त्याला वीज हवी होती. ही मागणी खोटी नव्हती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु जे बुडणार, ते नेमके काय आहे, हे आधी मोजा, असा आग्रह काही मंडळींनी धरला. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली, कवयित्री सुगतकुमारी, केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक-कार्यकर्ते अशी ही मंडळी होती. पुढे प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ तिचे सदस्य होते. १९८३ मध्ये इंदिरा गांधी यांच्या सरकारच्या काळात प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये ८९.५२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. पक्षाभिनिवेश बाजूला ठेवून या निर्णयाचे स्वागत करायला हवे.

मग प्रश्न सुटला का? नाही. पुढे त्याच नदीवर, उद्यानाच्या खालच्या अंगाला, पात्रक्कडवू येथे नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव आला. २००७ मध्ये भोवती १४८ चौरस किलोमीटरचा संरक्षक पट्टा जोडावा लागला. उन्हाळ्यातील वणवे, चोरटी शिकार, आसपासच्या डोंगरांत लपूनछपून होणारी गांजाची लागवड ही संकटे आहेतच. नकाशावरची रेघ वणवा अडवू शकत नाही.

राखले नाही तर काय होते, हे पाहायला दूर जावे लागत नाही. लगतच अट्टप्पाडी आहे. तेथे विसाव्या शतकात मोठी वृक्षतोड झाली, बाहेरून वसाहती आल्या, इरुळर, मुडुगर आणि कुरुंबर या वनवासी बांधवांच्या जमिनी हातातून गेल्या. पूर्वेकडील डोंगर उघडे पडले, झरे आटले. अखेर १९९० च्या दशकात जपानी कर्जाच्या साहाय्याने तेथे वनीकरण आणि जलसंधारणाची योजना हाती घ्यावी लागली. वनाबरोबर वनवासीही उघडा पडला, हे ध्यानी ठेवावे.

हा विषय केरळचा म्हणून सोडून देता येणार नाही. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत सायलेंट व्हॅली आहे, तशीच आपली कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास पठारही आहेत. सह्याद्रीची रांग एकच आहे. कोयनेच्या धरणाने महाराष्ट्राच्या घरात उजेड आणला, ते ऋण आपण विसरत नाही. मात्र त्या काळी बुडणाऱ्या अरण्याची मोजदाद करण्याची पद्धतच रूढ नव्हती. आज ती आहे. म्हणून आज खाण, रस्ता वा धरण येऊ घातले, तर तेथे काय आहे, हे आधी विचारण्याचे कर्तव्य आपले आहे. गावाची ग्रामसभा हे त्याचे पहिले स्थान.

विकासाला विरोध करा, असे माझे सांगणे नाही. जे पुन्हा निर्माण करता येत नाही, ते मोजल्यावाचून बुडवू नका आणि वाचवल्यानंतर त्याची राखण सोडू नका, एवढीच विनंती आहे.