सुंतेनंतरचे सहा आठवडे

सुंता म्हटली कीं ती अमुक एका धर्माची बाब, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षित घरांतून आढळते. मुसलमान व ज्यू समाजांत ती धर्मविधि म्हणून बालपणीं होते हें खरें. परंतु प्रौढ वयांत केवळ दुखण्यापायीं ही शस्त्रक्रिया करून घ्यावी लागणारे गृहस्थ सर्व जातिधर्मांत असतात. कारण बहुधा एकच : शिश्नाची अग्रत्वचा आक्रसून मागें सरेनाशी होते. रोग नवा नाहीं. सुश्रुतानें त्यास ‘निरुद्धप्रकश’ असें नांव दिलें असून, दोन्ही टोकांस उघडी असलेली धातूची वा लाकडाची नळी तूप लावून आंत घालावी व दर तीन दिवसांनीं अधिक जाड नळी घालीत जावें, असा उपाय सांगितला आहे. हलके हलके वाट मोकळी करण्याचें हें तत्त्व आजच्या वैद्यकासही मान्य आहे. प्रथम मलम लावून तेंच साधण्याचा यत्न होतो. न साधल्यास सुंता.

पन्नाशीच्या सुमारास हें दुखणें जडलें, तर तें कित्येकदां मधुमेहाचें पहिलें लक्षण ठरतें. लघवींतील साखरेवर बुरशी पोसते, त्वचेला बारीक चिरा पडतात, चिरा भरून येतांना त्वचा आक्रसते, आणि आक्रसलेली त्वचा पुन्हां चिरते. हें चक्र वर्षानुवर्षें चालूं देणारे गृहस्थ थोडे नाहींत. दांत दुखला तर साऱ्या आळीला सांगतात. येथें मात्र पत्नीलाही सांगत नाहींत.

शस्त्रक्रिया स्वतः लहान आहे. बहुधा मुळाशीं बधिरता आणणारी सुई देऊन तासाभराच्या आंत ती उरकते व रोगी त्याच दिवशीं घरीं येतो. घोटाळा होतो तो येथेंच. शस्त्रक्रिया लहान, म्हणून विश्रांतीही लहान, असा हिशेब मांडला जातो. शुक्रवारीं रजा काढावी, कोणास कांहीं सांगूं नये, आणि सोमवारीं लोकलच्या गर्दींत लोंबकळत कचेरी गांठावी, असे बेत होतात. ते सहसा तडीस जात नाहींत.

पहिले तीन-चार दिवस सूज वाढत जाते आणि कातडी काळीनिळी पडते. पाहणाराचा धीर सुटावा असाच तो देखावा असतो, परंतु तो अपेक्षित आहे. उघड्या पडलेल्या भागावर पिवळसर पापुद्रा धरतो. त्यास पू समजून खरवडणारे असतात. पण ती भरून येणाऱ्या जखमेची खपली होय, तिला हात लावूं नये. पट्टी बहुधा एक-दोन दिवसांनीं निघते; चिकटली असल्यास कोमट पाण्यानें भिजवावी, ओढूं नये. पुढें स्वच्छ पाण्यानें धुऊन टिपून कोरडें करावें. हळद, तुरटी, राख, अंगाला लावावयाची पावडर यांपैकीं कांहींही तेथें नको. आंतील वस्त्र असें असावें कीं अवयव पोटाच्या बाजूस वर धरला जाईल, म्हणजे सूज लवकर उतरते. वरून मात्र सैल लुंगी किंवा धोतर बरें. मणि कपड्यास घासून झोंबतो, तेथें पातळसें व्हॅसलीन लावावें. हा हुळहुळेपणा कांहीं आठवड्यांत आपोआप निवतो.

दिवसापेक्षां रात्र अवघड. झोपेंत ताठरता येणें हा निरोगी शरीराचा धर्म असून रात्रींतून तीन-चार वेळां तें घडतें. त्या वेळीं टांके ताणले जाऊन मनुष्य दचकून उठतो. याविषयीं आधीं कोणी सांगितलेलें नसल्यानें टांके तुटले या भीतीनें तो उजाडेपर्यंत जागत बसतो. वास्तविक टांके सहसा तुटत नाहींत. निजण्यापूर्वीं लघवी करावी, कुशीवर गुडघे पोटाशीं घेऊन निजावें, आणि जाग आल्यास उठून चार येरझारा घालाव्या, म्हणजे ताण उतरतो. आठवड्याभरांत हा त्रास पुष्कळ ओसरतो.

खरा धोका त्यानंतर येतो. दोन-तीन आठवड्यांत टांके विरघळून गळतात, वेदना थांबते, जखम मिटलेली दिसते. पण तीन आठवड्यांच्या जखमेंत मूळ त्वचेच्या सुमारें पाव हिश्श्याइतकेंच बळ आलेलें असतें. या बाबतींतला मोठा अनुभव पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेंतला आहे. केन्यांत व्हिक्टोरिया सरोवराकांठच्या किसुमु शहराभोंवतीं लुओ समाज राहतो. त्यांच्यांत सुंतेची चाल नव्हती. वयांत येतांना खालचे सहा दांत काढण्याची मात्र होती! किसुमु, युगांडांतील राकाई आणि दक्षिण आफ्रिकेंतील ऑरेंज फार्म येथील चाचण्यांत, सुंता झालेल्या पुरुषांना स्त्रीसंगांतून एच्. आय्. व्ही. जडण्याचा धोका सुमारें ६० टक्क्यांनीं कमी झाल्याचें दिसलें. २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें, हा रोग जेथें फार पसरला आहे त्या देशांसाठीं या शस्त्रक्रियेची शिफारस केली, आणि पुढें तेथें तीन कोटींहून अधिक पुरुषांनीं ती करून घेतली. तेथें प्रत्येकास बजावून सांगितला जाणारा नियम असा : सहा आठवडे समागम नाहीं. अर्धवट भरलेली जखम फाटते, आणि रोगबीजास तीच उघडी वाट सांपडते.

हा नियम पत्नीस ठाऊक नसेल तर तो पाळला जाणें कठीण, व अबोल्याचा अर्थ ती भलताच लावील हें निराळेंच. म्हणून डॉक्टरांकडे जातांना दोघांनीं जावें. सायकल आणि जड वजन यांनाही तोंवर रजाच द्यावी.

रक्त दाबून धरल्यावर दहा मिनिटांतही थांबलें नाहीं, लघवी अडली, ताप भरला, किंवा लाली पसरून दुर्गंधी पू आला, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास तें शस्त्रक्रियेपूर्वींच सांगावयास हवें. मधुमेह्याची जखम सावकाश भरते; त्यानें साखर काबूंत आणूनच दिवस ठरवावा. त्वचा पांढरट व कठीण झालेली असेल तर काढलेला तुकडा तपासणीस पाठवितात. तो अहवाल विसरूं नये, कारण तोच विकार पुढें मूत्रद्वारही अरुंद करतो. लघवीची धार बारीक होऊं लागली तर तो कागद घेऊन पुन्हां त्याच डॉक्टरांकडे जावें.