किल्ली, जिना आणि कातर

चित्रपटगृहांतील अंधारांत कधीं कधीं एक चमत्कारिक प्रकार पाहावयास मिळतो. पडद्यावर ना मारामारी, ना धांवाधांव. एक गृहिणी हसतमुखानें पाहुण्यांचें स्वागत करीत आहे, नोकर तबकांतून पेले फिरवीत आहेत, वाद्यें मंद सुरांत वाजत आहेत. आणि तरीहि प्रेक्षक खुर्चीच्या कडेला सरकलेले, श्वास रोखलेले, हातांतील रुमाल पिळीत बसलेले! या अस्वस्थतेचें कारण पात्रांच्या भाषणांत शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. तीं भाषणें केवळ खुशालीचीं आणि शिष्टाचाराचीं असतात. तें कारण दोन मुक्या कारागिरांच्या हातीं असतें. पहिला कारागीर कॅमेरा. काय दाखवावयाचें हें तो ठरवितो. दुसरी संकलकाची कातर. केव्हां आणि किती वेळ दाखवावयाचें हें ती ठरविते.

या दोघांची कामगिरी समजून घेण्यास १९४६ सालचा ‘नटोरियस’ हा अमेरिकन बोलपट फार उपयोगी आहे. त्याचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक, पटकथालेखक बेन हेक्ट, छायालेखक टेड टेट्झलाफ आणि संकलक थेरॉन वॉर्थ. कथा थोडक्यांत अशी. आलिशिया ही अमेरिकेंत देशद्रोहाबद्दल शिक्षा झालेल्या एका जर्मन हेराची मुलगी. रिओ द जानिरो येथें कांहीं नाझी मंडळी गुप्तपणें एक कारस्थान रचीत असतात. त्यांच्यांत शिरकाव करून घेण्याची कामगिरी अमेरिकन सरकार तिच्यावर सोंपवितें. तिला तेथें नेणारा अधिकारी डेव्हलिन याचें तिच्यावर प्रेम जडलेलें असतें. पण तें तो ओठांवर येऊं देत नाहीं. त्या मंडळींतील सबॅस्टियन हा आलिशियाला मागणी घालतो, तेव्हांहि डेव्हलिन गप्प बसतो. दुखावलेल्या मनानें आलिशिया सबॅस्टियनची पत्नी होते. त्या प्रशस्त घरांतील सारीं दारें तिला उघडीं होतात. बंद राहतें तें केवळ मद्याचें तळघर. त्याची किल्ली पतीच्या जुडग्यांत असते.

घरीं मेजवानी ठरली आहे. त्या रात्रीं डेव्हलिनला तळघरांत शिरतां यावें, यासाठीं ती किल्ली लांबविणें भाग आहे. सबॅस्टियन शेजारच्या स्नानगृहांत तयारी करीत आहे. दारावर त्याची सांवली हलते आहे आणि तो आंतूनच बोलतो आहे. इकडे आलिशिया मेजावरील जुडग्यांतून ती एक किल्ली काढून घेते. इतक्यांत तो बाहेर येतो आणि प्रेमभरानें तिचे दोन्ही हात हातांत घेतो. एक मूठ उघडून तो तळहाताचें चुंबन घेतो व दुसरीकडे वळतो. त्या दुसऱ्या मुठींत किल्ली आहे! आलिशिया झटकन त्याच्या गळ्यांत हात टाकते, त्याच्या पाठीमागें किल्ली गालिच्यावर सोडते आणि पायानें ती मेजाखालीं सारते. येथें कॅमेऱ्यानें प्रेक्षकाला आधींच साक्षीदार करून ठेवलें आहे. कोणत्या मुठींत काय आहे, हें पतीला ठाऊक नाहीं. प्रेक्षकाला ठाऊक आहे. त्या एका अधिक माहितीमुळें साध्या प्रेमालापाचें रूपांतर जीवघेण्या प्रसंगांत होतें.

यानंतर या बोलपटांतील सर्वांत प्रसिद्ध चित्रण येतें. कॅमेरा दिवाणखान्याच्या वर, जिन्याच्या उंचीवर आहे. खालीं काळ्यापांढऱ्या फरशीवर पाहुण्यांचा थाट पसरलेला आहे. कॅमेरा हळूहळू खालीं उतरूं लागतो. वाटेंत कोठेंहि कातर लागत नाहीं. माणसें मोठीं होत जातात, गर्दी बाजूला पडत जाते, आलिशिया आणि तिचा पति उरतात, मग तिचा हात उरतो आणि अखेरीस त्या मुठींतील किल्ली पडदा व्यापून टाकते. एवढ्या मोठ्या समारंभाचा प्राण त्या एवढ्याशा धातूच्या तुकड्यांत आहे, हें एक शब्दहि न उच्चारतां सांगितलें जातें. हेंच दृश्य दोन तुकड्यांत, प्रथम दिवाणखाना व मग किल्ली असें दाखवितां आलें असतें. परंतु मग गर्दी आणि गुपित हीं दोन वेगळीं ठिकाणें वाटलीं असतीं. अखंड उतरणाऱ्या कॅमेऱ्यानें प्रेक्षकाला पटवून दिलें कीं, गुपित गर्दीच्या मधोमधच उभें आहे. कोठें कातर चालवूं नये, हेंहि संकलनाचें एक ज्ञान आहे.

डेव्हलिन येतो. रीतीप्रमाणें तो यजमानीणबाईच्या हाताचें चुंबन घेतो आणि त्याच क्षणीं किल्ली हातोहात त्याच्याकडे जाते. येथून पुढें कातरीचें राज्य सुरू होतें. शॅम्पेन संपली कीं नोकर मालकाकडे तळघराची किल्ली मागणार आणि ती जुडग्यांत नाहीं हें उघडकीस येणार. म्हणून बर्फांत ठेवलेल्या बाटल्या हेंच या रात्रीचें घड्याळ होतें. एकदां तळघर, एकदां बाटल्या. पुन्हां तळघर, पुन्हां बाटल्या, आणि दर खेपेस त्या कमी झालेल्या! गंमतीची गोष्ट अशी कीं, या मेजवानींत स्वतः हिचकॉक क्षणभर दिसतात आणि शॅम्पेनचा पेला रिकामा करून निघून जातात. दिग्दर्शकानें आपल्याच हातानें घड्याळाचा कांटा पुढें ढकलावा, तसाच हा प्रकार.

दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखविण्याची ही युक्ति कांहीं हिचकॉक यांनीं शोधून काढलेली नव्हे. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या १९०९ सालच्या ‘द लोन्ली व्हिला’ या मूकपटांत घरांत घुसूं पाहणारे दरोडेखोर, आंत अडकलेलीं आई व मुली आणि दूरवरून धांवत येणारा पिता यांचीं दृश्यें अशींच गुंफलेलीं आहेत. मात्र ग्रिफिथ यांच्या पद्धतींत प्रश्न वेगाचा होता: पिता वेळेवर पोंचेल काय? हिचकॉक यांनीं धांवणारा मनुष्य काढून टाकला आणि त्याच्या जागीं स्वस्थ उभ्या असलेल्या बाटल्या ठेवल्या. धांवपळीवांचून घाई कशी निर्माण करावी, हें त्यांनीं दाखवून दिलें.

तळघरांत डेव्हलिन फडताळ तपाशीत आहे. त्याच्या नकळत एक बाटली सरकत सरकत कडेला येते. कॅमेरा ती जवळून दाखवितो. डेव्हलिनचें लक्ष दुसरीकडे आहे. ती पडणार हें प्रत्येक प्रेक्षकाला कळून चुकतें, पण सांगणार कोणाला? बाटली फुटते आणि तींतून मद्याऐवजीं काळसर रेती बाहेर पडते. तें युरेनियमचें खनिज असतें. हीच बाटली अचानक फुटली असती, तर प्रेक्षक एकदांच दचकला असता. ती सरकतांना दाखविल्यामुळें तो तितका सारा वेळ दचकण्याच्या बेतांत राहतो. कीर्तनकार आख्यान ऐन रंगांत आलें असतां मध्येंच थांबून अभंग आळवितो, त्यांतील मर्महि हेंच. द्रौपदीची लाज राखली जाणार, हें श्रोत्यांना जन्मापासून ठाऊक असतें. तरी त्या थांबण्यानें त्यांच्या काळजाचें पाणी होतें. उत्कंठा अज्ञानांतून उपजते हा समज अपुरा आहे. पुष्कळदां ती ज्ञानांतून उपजते. फक्त त्या ज्ञानाचा उपयोग करण्याची मुभा नसावी लागते.

पुढें याच शस्त्राची धार उलट्या बाजूनें लागते. शॅम्पेन कमी पडते, सबॅस्टियन तळघराकडे वळतो आणि जुडग्यांत किल्ली नाहीं हें त्याला दिसतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती पुन्हां जागेवर आलेली असते. पत्नी शत्रूची हेर आहे, हें त्याला उमगतें. आतां प्रेक्षकाला ठाऊक आहे कीं पतीला सारें कळलें आहे, आणि आलिशियाला मात्र याची वार्ता नाहीं. पति आणि सासू तिला कॉफींतून थोडें थोडें विष देऊं लागतात. कॅमेरा कॉफीचा पेला पडद्याच्या अगदीं पुढच्या भागीं, मोठा करून दाखवितो. पूर्वी जी माहिती तिच्या बाजूची होती, तीच आतां तिच्याविरुद्ध गेलेली असते.

अखेरचा प्रसंग पुन्हां जिन्यावरच घडतो. डेव्हलिन आजारी आलिशियाला आधार देऊन खालीं आणीत आहे. बरोबर सबॅस्टियन आणि त्याची आई. खालीं त्याचे साथीदार टक लावून उभे. बाटलीपायीं गुपित फुटूं देणाऱ्या एका साथीदाराला याच मंडळींनीं पूर्वी नाहींसें केलेलें असतें. सबॅस्टियननें ओरड करावी तर आपण हेर स्त्रीशीं लग्न केलें हें उघड होईल. न करावी तर ती निसटते. कातर एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जाते आणि चार पावलांचा जिना संपतां संपत नाहीं. येथें एक विलक्षण गोष्ट घडते. मोटारीचें दार बंद होतें, सबॅस्टियनला सोबत घेतलें जात नाहीं, आणि तो एकटाच आपल्या घराकडे परत वळतो, तेव्हां त्या विष घालणाऱ्या मनुष्याविषयींहि प्रेक्षकाचें मन क्षणभर कळवळतें. त्याच्यामागें दार मिटतें आणि बोलपट संपतो.

या कळवळ्यावांचून वरील साऱ्या युक्त्या पोकळ ठरल्या असत्या. नुसती सरकणारी बाटली कोणाची झोंप उडवीत नाहीं. ती फुटली तर एका स्त्रीचा घात होईल, आणि जो पुरुष तिच्यावरील प्रेम वेळेवर बोलला नाहीं त्याला तें आतां कधींच बोलतां येणार नाहीं, अशी भीति मनांत असावी लागते. कॅमेरा प्रेक्षकाला माहिती देतो, कातर त्याला वाट पाहावयास लावते. पण वाट कोणासाठीं पाहावयाची, हें कथेनें आधीं ठरविलेलें असतें. रसिकांनीं पुढच्या खेपेस खुर्चीच्या कडेला सरकल्यावर क्षणभर हेंच ध्यानांत आणून पाहावें. कोणती गोष्ट आपणांस आधीं दाखविली गेली, कोणती अडवून धरली गेली आणि जीव कोणासाठीं टांगणीस लागला, हें उमगलें म्हणजे चित्र पाहण्याचा आनंद उणा न होतां दुणावतोच.