तीन व्रते आणि लंडनचे पहिले दिवस
(व्याख्यानाचा लेखी पाठ)



परदेशी शिकावयास निघालेल्या मुलाच्या सामानात आई काय काय ठेवते, हे येथे बसलेल्या अनेक घरांना सांगावयास नको. खाकरे, ठेपले, लोणच्याची बरणी, औषधांची पुडी. आणि अगदी शेवटी, दाराशी, हळू आवाजात सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी. खाऊ महिन्याभरात संपतो. त्या दोन-तीन गोष्टींचे काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. १८८८ साली राजकोटच्या एका घरातून निघालेल्या मुलाला अशाच तीन गोष्टी सांगण्यात आल्या. फरक इतकाच, की त्या एका जैन मुनींच्या समक्ष, शपथपूर्वक वदवून घेण्यात आल्या होत्या.

मुलाचे नाव मोहनदास करमचंद गांधी. त्या वेळी तो महात्मा नव्हता, तेव्हा या व्याख्यानापुरता त्याचा एकेरी उल्लेख क्षम्य मानावा. वडील १८८५ मध्ये निवर्तले होते. १८८७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर तो भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेला. पण तेथे त्याला काही समजेना, आणि पहिले सत्र संपताच तो घरी परतला. अशा मुलाला विलायतेस पाठवा, तीन वर्षांत बॅरिस्टर होईल, असा सल्ला कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी दिला. थोरले बंधू लक्ष्मीदास पैशाच्या खटपटीस लागले. अडचण एकच उरली, आणि ती आईची होती.

पुतळीबाईंनी चौकशी केली होती. विलायतेत मुले हाताबाहेर जातात, मांस खातात, दारूवाचून तेथे चालत नाही, असे त्यांच्या कानी आले होते. मुलावर विश्वास होता, दूरदेशावर नव्हता. तेव्हा त्यांनी बेचरजी स्वामींना विचारावयाचे ठरविले. हे स्वामी मूळचे मोढ वाणी, म्हणजे गांधींच्याच ज्ञातीचे. पुढे ते जैन साधू झाले होते, आणि वैष्णव असलेल्या या कुटुंबात त्यांचा सल्ला मानला जाई. स्वामींनी मुलास जाऊ नको म्हटले नाही. मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी त्याच्याकडून करवून घेतली. मग आईने परवानगी दिली.

मुंबईत नवे संकट उभे राहिले. पावसाळ्यातला समुद्र धोक्याचा म्हणून प्रवास लांबला, आणि तेवढ्यात ज्ञातीची सभा भरली. मोढ वाण्यांतून आजवर कोणी विलायतेस गेले नव्हते. समुद्रपर्यटनाने धर्म बुडतो, असे शेटजींचे म्हणणे. मोहनदासाने प्रतिज्ञेची हकिगत सांगितली. परंतु शेटजींना ती पुरेशी वाटली नाही. मुलास ज्ञातीबाहेर टाकण्यात आले, आणि जो कोणी त्यास मदत करील किंवा बंदरावर निरोप देण्यास जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठरला. चारचौघांपुढे बोलताना ज्याची जीभ अडखळे अशा या मुलाने त्या सभेत माघार घेतली नाही, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे. ज्यांच्याजवळ पैसे ठेवले होते त्या मेहुण्यांनी मात्र ज्ञातीच्या भयाने ते देण्याचे नाकारले. एका स्नेह्याकडून उसने घेऊन तिकीट काढावे लागले.

४ सप्टेंबर १८८८ रोजी 'क्लाइड' ही आगबोट मुंबईहून सुटली. सोबत जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते. ते सर्वांशी मोकळेपणाने बोलत. मोहनदासाला इंग्रजीत वाक्य जुळवितानाच घाम फुटे. काट्याचमच्यांची सवय नाही, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्यही नाही. तेव्हा घरून आणलेली मिठाई आणि फळे यांवर त्याने केबिनमध्येच दिवस काढले. एका इंग्रज सहप्रवाशाने प्रेमाने सांगितले, की बिस्केच्या उपसागरापर्यंत तुझे हे चालेल, पुढच्या थंडीत मांसावाचून निभावणार नाही. मोहनदासाने ते ऐकून घेतले, आणि मांस न खाल्ल्याचे प्रमाणपत्र त्याच्याकडूनच लिहून घेतले! काही काळ ते जपूनही ठेवले. मांस खाणाऱ्यालाही असे प्रमाणपत्र मिळू शकते, हे ध्यानात आल्यावर त्या कागदाची गोडी संपली.

२९ सप्टेंबर, शनिवार. आत्मकथेत बंदराचे नाव साउदॅम्प्टन दिले आहे. नंतरच्या अभ्यासकांनी ते टिलबरी असावे असे दाखविले. बंदर कोणतेही असो, उतरताना झालेली फजिती तीच. काळे कपडे बोटीवर वापरून झाले होते, आणि पहिल्या दिवशी शोभून दिसावे म्हणून पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख राखून ठेवला होता. धक्क्यावर पाहतो तो पांढऱ्या कपड्यातला तो एकटाच. बाकीचे सामान किल्ल्यांसह एजंटाच्या ताब्यात दिलेले. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सोमवारपर्यंत सुटका नाही. चाळीस लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या धुरकट नगरीत दोन दिवस पांढरा पोशाख मिरवावा लागला.

मुक्काम व्हिक्टोरिया हॉटेलात. त्याच नोव्हेंबरात लिहावयास घेतलेल्या रोजनिशीत त्याने तेथील पाळण्याची मौज टिपली आहे. एका लहानशा खोलीत नेले तेव्हा त्याला वाटले, येथे थोडा वेळ बसावयाचे असेल. दार उघडले तो माणसे दुसऱ्या मजल्यावर! विजेचे दिवे पाहून, खोलीचा थाट पाहून, या खोलीत जन्म काढावा असेही त्याला वाटून गेले. बिल आले तेव्हा ते तीन पौंडांचे होते. एक पदार्थ आवडला नाही म्हणून दुसरा मागवला, तरी पैसे दोन्हींचे. पोट रिकामे ते रिकामेच. खरा आधार मुंबईहून आणलेल्या खाऊचाच होता.

परिचयपत्रे चार होती : डॉ. प्राणजीवन मेहता, दलपतराम शुक्ल, राजपुत्र रणजितसिंह आणि दादाभाई नौरोजी यांच्या नावे. तार मिळताच डॉ. मेहता त्याच रात्री आठच्या सुमारास भेटीस आले. फ्लॅनेलचा वेष पाहून हसले. बोलता बोलता मोहनदासाने त्यांची उंच टोपी उचलली आणि तिच्या मखमली लवेवरून उलट्या दिशेने हात फिरवला. डॉक्टरांची नजर किंचित रागावली. मग पहिला धडा मिळाला : दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, पहिल्याच भेटीत आपल्याकडे विचारतात तसले प्रश्न विचारू नयेत, मोठ्याने बोलू नये, आणि सर्वांना 'सर' म्हणत सुटू नये, ते नोकर धन्याला म्हणतात. आज विद्यापीठे नव्या विद्यार्थ्यांसाठी यासाठी स्वतंत्र दिवस ठेवतात. मोहनदासाचे काम एका टोपीवर भागले.

सोमवारी सामान आले, हॉटेल सुटले. बोटीवर ओळख झालेल्या एका सिंधी गृहस्थाने भाड्याच्या खोल्या शोधून दिल्या. येथपासूनचे दिवस खरे कठीण. माणसे अनोळखी, चालीरीती अनोळखी, घरेसुद्धा अनोळखी. अन्न बेचव. रात्र झाली की आईची आठवण येई आणि डोळ्यांना धार लागे; झोप नाही, आणि हे दुःख सांगावे असे कोणी नाही. विलायत सोसवत नाही, आणि परत फिरणे शक्य नाही. आलो आहे तर तीन वर्षे पुरी केलीच पाहिजेत, असे त्याचे मन त्याला सांगे. लंडनला पोहोचल्यावर चौथ्याच दिवशी, २ ऑक्टोबरला, त्याचे एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले. तो दिवस कसा गेला याविषयी आत्मकथेत एक अक्षरही नाही.

डॉ. मेहता हॉटेलात जाऊन, पत्ता काढून तेथे आले. बोटीवर खाऱ्या पाण्यात साबण लावून स्नान केल्याने मोहनदासास गजकर्ण झाले होते. डॉक्टरांनी ॲसिटिक ॲसिड लावावयास सांगितले. ते इतके झोंबले की तो रडला. खोली पाहून डॉक्टरांनी मान हलविली. येथे येण्याचा हेतू पुस्तकी शिक्षणापेक्षा येथील जीवनाचा अनुभव हा आहे, तेव्हा कुटुंबात राहिले पाहिजे, असे त्यांचे मत. पण त्याआधी थोडी तालीम म्हणून त्यांनी त्याला रिचमंड येथे एका स्नेह्याकडे ठेवले.

या स्नेह्याचे नाव आत्मकथेत नाही. त्याने मोहनदासाला सख्ख्या भावासारखे वागविले. इंग्रजी रीतिरिवाज शिकविले, बोलण्याची सवय लावली. आणि त्यानेच व्रतावर सर्वात मोठा हल्ला चढविला. सकाळी ओटची लापशी पोटभर. पण दुपारी आणि रात्री भाजी, पाव, मुरंबा. दोन-तीन तुकड्यांहून अधिक मागणे शिष्टाचारास सोडून, आणि मोहनदासाला तर लाज. दुपारी-रात्री दूध नाही. स्नेही चिडून म्हणे, की निरक्षर आईपुढे, येथील परिस्थिती न जाणता केलेल्या प्रतिज्ञेला किंमत ती काय! एके दिवशी त्याने बेंथॅमचा उपयुक्ततावादावरील ग्रंथ वाचून दाखविण्यास प्रारंभ केला. मोहनदासाला भाषाच कळेना. त्याने हात जोडून सांगितले, की वाद मला करता येत नाही, मांस आवश्यक असेल हेही मान्य, पण प्रतिज्ञा मोडता येत नाही. स्नेह्याने पुस्तक मिटले, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

श्रोतेहो, मोहनदासाजवळ या क्षणी कोणताही सिद्धांत नव्हता, हे येथे नीट पाहावे. राजकोटमध्ये एका मित्राच्या नादाने त्याने चोरून मांस खाल्लेही होते. इंग्रजांसारखे बलवान व्हायचे तर सर्व भारतीयांनी एक दिवस मांसाहारी व्हावे, असे त्याला मनातून वाटे. म्हणजे ज्या गोष्टीवर श्रद्धा नव्हती ती तो उपाशी राहून पाळत होता, केवळ आईला शब्द दिला होता म्हणून. प्रसिद्धी पावलेल्या त्याच्या पुढील उपवासांहून हे अर्धपोटी दिवस कमी कठीण नसावेत.

महिन्याभराने वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवाबाईंच्या घरी राहण्याची सोय झाली. प्रतिज्ञेची कल्पना त्यांना दिली होती. त्यांच्या दोन मुली पावाचा आणखी एखादा तुकडा वाढत. पोट अख्ख्या पावाची मागणी करी. ६ नोव्हेंबरला इनर टेंपलमध्ये नाव दाखल झाले. अभ्यास अजून सुरू नव्हता. 'डेली न्यूज', 'डेली टेलिग्राफ' आणि 'पॉल मॉल गॅझेट' चाळण्यास तासभर पुरे होई. उरलेला दिवस भटकण्यात जाई. लंडनमध्ये शाकाहारी भोजनालये आहेत एवढे घरमालकीणबाईंकडून कळले होते. पत्ता नव्हता. रोज दहा-बारा मैल चालावे, एखाद्या स्वस्त खाणावळीत पावाने पोट भरावे, आणि असमाधानाने परतावे. अशा फिरतीत एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर ते भोजनालय सापडले. दाराजवळ काचेमागे पुस्तके मांडली होती. हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराच्या समर्थनाचे पुस्तक त्याने एक शिलिंग देऊन घेतले आणि थेट जेवणघरात गेला. विलायतेत आल्यापासून पोटभर असे ते पहिले जेवण. पुस्तक त्याने अथपासून इतिपर्यंत वाचले, आणि आईसाठी पाळलेले व्रत त्या दिवसापासून स्वतःचे झाले.

पुढे एक बारीक प्रश्न उपस्थित झाला. अंडे मांसात मोडते काय? तेथे मांसाच्या तीन व्याख्या प्रचलित होत्या, आणि पहिल्या दोहोंनुसार अंडे चालत होते. मोहनदासाने काही दिवस खाल्लेही. मग विचार केला, की प्रतिज्ञा आईपुढे घेतली, तर अर्थही आईचाच धरला पाहिजे. आणि आईच्या मनात अंडे वर्ज्यच होते. त्याने अंडे सोडले. त्यामुळे शाकाहारी भोजनालयातही प्रत्येक पदार्थाची चौकशी करण्याची पाळी आली, कारण तेथील पुष्कळ पदार्थांत अंडे असे.

१० जून १८९१ रोजी तो बॅरिस्टर झाला आणि १२ जूनला स्वदेशी निघाला. मुंबईच्या धक्क्यावर बंधू आले होते. आईचे निधन झाल्याचे त्यांनी आजवर कळविले नव्हते. परदेशात मुलाला धक्का बसेल म्हणून. ज्या आईला तिन्ही व्रतांची हकिगत सांगावयाची होती ती उरलीच नव्हती. मुंबईतला मुक्काम डॉ. मेहतांच्या घरी झाला, आणि तेथेच डॉक्टरांच्या थोरल्या बंधूंचे जामात रायचंदभाई, म्हणजे श्रीमद् राजचंद्र, यांची पहिली भेट घडली.

ज्ञातीचे भांडण अद्याप मिटले नव्हते. राजकोटला जाण्यापूर्वी लक्ष्मीदासांनी धाकट्या भावास नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घालविले, आणि राजकोटला पोहोचल्यावर ज्ञातिभोजन घातले. बॅरिस्टर मोहनदासाला हे पटले नव्हते. भावाच्या प्रेमाखातर त्याने ते केले. एका तटाने त्याला परत घेतले. दुसऱ्याने घेतले नाही. सासू-सासरे, मेहुणे त्या तटाच्या नियमात अडकले होते. ते लपून पाणी पाजण्यास तयार होते, पण जे उघडपणे करता येत नाही ते लपून करणे त्याला रुचेना. तेव्हा सासुरवाडीला गेल्यावर तो तेथील पाणीही पीत नसे.