ओपन स्पेसचं कुलूप

आम्ही शेंदूरजनाघाटच्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज कर्जाच्या हप्त्यांबद्दल नाही, लेकरांच्या खेळण्याबद्दल बोलायचं आहे.

गटातल्या आम्ही सात-आठ जणी एकाच ले-आऊटमध्ये राहतो. मधोमध ओपन स्पेस आहे. तिथे पोरं क्रिकेट खेळायची, पोरी लंगडी आणि बिल्लस. मग प्लॉटधारकांच्या समितीने तारेचं कुंपण केलं, फाटकाला कुलूप लावलं आणि पाटी लावली, 'येथे खेळण्यास सक्त मनाई.'

कारणं खोटी नव्हती. चेंडूने एका घराची काच फुटली होती. नवी लावलेली रोपं तुडवली गेली होती. एका घरात म्हातारं, आजारी माणूस होतं, त्यांना दुपारचा गलका सोसत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या ठरावावर आमच्याही सह्या आहेत. कुंपणाच्या वर्गणीत आमचाही पैसा आहे. 'बरं झालं, आता पोट्टे घरी बसून अभ्यास करतील,' असंच तेव्हा वाटलं.

अभ्यास काही झाला नाही. पोरं मोठ्या रस्त्यावर खेळायला गेली, जिथून संत्र्याच्या गाड्या जातात. पोरी कुठेच गेल्या नाहीत. आंबिया बहाराच्या तोडीत आम्ही सकाळी निघतो, दिवेलागणीला परततो. दार उघडलं की पोरगी मोबाईल घेऊन त्याच कोपऱ्यात बसलेली. रस्त्यावरच्या पोरांची तक्रार रोज यायची. घरात बसलेल्या पोरीची तक्रार कोण करणार? एका बैठकीत आमच्यातली एक म्हणाली, 'चार महिन्यांत माझी पोरगी धावताना मला दिसली नाही.' सगळ्या गप्प झाल्या. प्रत्येकीला आपली पोरगी आठवली.

मग आम्ही माहिती काढली. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेवर ले-आऊट पाडायचा असेल तर १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती शोभेसाठी नाही, राहणाऱ्यांच्या विरंगुळ्यासाठी असते. मोठ्या शहरांतल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतही कोणते खेळ चालतील, कोणत्या वेळी चालतील, हे समितीने ठरवायचं असतं. वेळ ठरवणं वेगळं आणि कुलूप लावणं वेगळं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात खेळणं हा मुलांचा हक्क मानला आहे आणि भारताने १९९२ मध्ये तो करार स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दमछाक होईल अशी हालचाल करावी. आमच्या पोरींची सहा मिनिटंही होत नव्हती.

आम्ही समितीकडे गेलो ते भांडायला नाही. आधी आमच्या सह्यांची चूक कबूल केली, मग आमचं म्हणणं मांडलं. दुपारी कोणी खेळणार नाही. चेंडू रबरीच असेल. रोपांना काट्यांचं कुंपण आम्ही करू. रोज आमच्यातली एक बाई तिथे बसेल. काच फुटली तर पैसे गट भरेल. 'खेळून काय पोट भरते?' असं एका काकांनी विचारलं. आम्ही म्हटलं, 'काका, आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. ती मंडळीही लहानपणी कुठेतरी खेळलीच असतील ना?' काका हसले. संध्याकाळी ५ ते ७ फाटक उघडायचं ठरलं, पण दोनच महिन्यांसाठी.

पहिल्या आठवड्यात सगळं मैदान पोरांनी व्यापलं. पोरी कुंपणाला टेकून बघत होत्या. म्हणजे कुलूप निघालं तरी पोरींसाठी जागा झाली नव्हती. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी पहिला तास पोरींचा ठेवला. पहिल्या मंगळवारी त्या लाजत होत्या, तेव्हा आम्हीच खडूने बिल्लसचे घर आखले आणि खापर टाकलं. आमच्यातली पन्नाशीची एक पदर खोचून एका पायावर उड्या मारत गेली, तिसऱ्या घरात तोल गेला आणि पोरी हसत हसत आत आल्या.

दोन महिने आता संपत आले आहेत. पाटी अजून तिथेच आहे. पुढच्या बैठकीत काय होईल ते आम्हाला माहीत नाही, पण या वेळी ठराव वाचल्याशिवाय आम्ही सही करणार नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या ले-आऊटचा मंजूर नकाशा नगर परिषदेत जाऊन बघा. दाखवत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये लागतात. आणि आज संध्याकाळी कामावरून परतल्यावर एवढं बघा, पोरगं कुठे खेळते ते तुम्हाला माहीत असेल, पण तुमची पोरगी कुठे आहे?