टाका का सुटतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'टेन्शन' हा शब्द हल्ली शाळकरी पोरांच्याही तोंडी असतो. हडपसरला आमच्या घरात मात्र तो शिलाई मशीनच्या पाठोपाठ आला. अब्बा गाडीतळाजवळ कपडे शिवत. जून आला की शाळेच्या गणवेशांचे ढीग लागत आणि नेमका त्याच दिवसांत शेजारपाजारहून निरोप येई, 'चाचा, मशीन टाका सोडतंय, जरा बघता का?'

निरोप साधा, पण त्यामागे एका घराचा महिन्याचा हिशेब असे. ब्लाउज शिवून, साडीला फॉल लावून संसाराला हातभार लावणाऱ्या बाईची एक टीप उसवली की गिऱ्हाईक दुसरं दार धरतं. त्यात दुरुस्तीवाला नीट न पाहताच 'पार्ट बदलावा लागेल' म्हणाला, तर चार दिवसांची मजुरी गेलीच. खरं तर अशा बऱ्याच तक्रारींना नवा पार्ट लागत नाही.

आधी टाका पडतो कसा, ते पाहू. मशीनला दोन दोरे लागतात. एक वरून, रिळावरून सुईत येतो. दुसरा खालून, बॉबिनमधून. सुई कापडाखाली जाऊन किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलचं टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. या दुहेरी टाक्याच्या मशीनचं पेटंट अमेरिकेत एलियस होव यांनी १८४६ मध्ये घेतलं. आयझॅक सिंगर यांच्या मशीनचं पेटंट १८५१चं. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं. घरातल्या बाईचे कष्ट वाचवण्याची माया त्यामागे आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे 'उषा' मशीन १९३०च्या दशकात कोलकात्यात तयार होऊ लागलं. टाक्याचं तत्त्व आजही तेच आहे.

हे दोन दोरे म्हणजे रस्सीखेच समजा. दोघांचा जोर सारखा असेल, तर त्यांची अढी कापडाच्या दोन थरांच्या मध्ये बसते आणि टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. वरचा दोरा सैल पडला, तर खालचा त्याला ओढून नेतो आणि कापडाच्या उलट्या बाजूला वेटोळी दिसतात. वरचा फार घट्ट असेल, तर खालचा दोरा वर येऊन ठिपक्यांसारखा दिसतो. इथेच पुष्कळांची गफलत होते. वेटोळी खाली दिसली की बॉबिनचा स्क्रू पिळायला घेतात. दुखणं बहुधा वरचं असतं.

अब्बांचा क्रम ठरलेला असे. ते म्हणत, 'पहले धागा देख, फिर सुई. पेच को आखिर में हात लगा.'

तर पहिली पायरी दोऱ्याची. वरचा दोरा पूर्ण काढा आणि पुन्हा ओवा. ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला हवा. पाय वर असला की टेन्शनच्या दोन चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. पाय खाली ठेवून ओवलं, तर तो चकत्यांच्या बाहेरच राहू शकतो. मग वरचा स्क्रू कितीही आवळा, उपयोग नाही. सुईबरोबर वरखाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून दोरा गेला आहे ना, तेही पाहा. तो तिथून सुटला, तर खाली दोऱ्याचा गुंताच होतो.

दुसरी पायरी सुईची. वाकडी किंवा बोथट सुई टाके सोडते. रुबियासारख्या पातळ कापडाला ११ नंबर, नेहमीच्या सुती कापडाला १४, जाडाला १६ आणि जीन्सला १८. सुई पूर्ण वर सरकवून, चपटी बाजू योग्य दिशेला ठेवून बसवा.

तिसरी पायरी बॉबिनची. बॉबिन केसच्या पातळ पट्टीखाली कापडाचा भुगा साचतो आणि दोरा अडखळतो. तो मऊ ब्रशने काढा. मग भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबती सोडा. आपोआप घसरत खाली गेली, तर सैल आहे. हलका झटका देऊनही हलली नाही, तर घट्ट. झटक्यासरशी थोडी उतरून थांबली, तर ठीक.

एवढं झाल्यावरच स्क्रू. वर लाल, खाली पांढरा दोरा घालून दुहेरी चिंधीवर टीप मारा. कोणता रंग कुठे डोकावतो, त्यावरून दोष कळतो. आधी वरचा स्क्रू थोडाथोडा फिरवायचा आणि दर वेळी चिंधीवर पाहायचं. खालच्याला गरज पडलीच, तर पाव फेऱ्याहूनही कमी. त्याआधी त्याची खाच कोणत्या दिशेला आहे, ते लिहून ठेवा. नाहीतर परतीची वाट सापडत नाही.

आज हडपसरला मगरपट्ट्याच्या इमारती आहेत, तयार कपड्यांची दुकानं आहेत. तरी गल्लीबोळांतून ब्लाउजच्या, फॉल-पिकोच्या पाट्या दिसतात. २०२० साली टाळेबंदीत महाराष्ट्रातल्या अनेक बचत गटांतल्या बायकांनी मास्क शिवले, ते याच मशीनवर. तुमच्याही घरात एखादं मशीन 'बिघडलंय' म्हणून कोपऱ्यात चादरीखाली असेल. विकायला काढण्याआधी त्यातला जुना दोरा काढा, भुगा झाडा, तेलाचे दोन थेंब सोडा आणि नवी सुई लावून चिंधीवर एक टीप मारून बघा.