‘ब्रोकर’: बाळ विकायला निघालेली माणसं
बुसानमधली पावसाळी रात्र. एक तरुण आई चर्चच्या ‘बेबी बॉक्स’समोर, म्हणजे सांभाळता न येणारं बाळ ठेवून जाण्याच्या पेटीसमोर, जमिनीवरच बाळ ठेवून निघून जाते. जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा यांच्या २०२२ च्या ‘ब्रोकर’ या कोरियन चित्रपटाची ही सुरुवात. असा बॉक्स सोलमधल्या एका चर्चनं २००९ मध्ये खरोखर बसवला. दार उघडलं की आत घंटा वाजते.

चित्रपटात कर्जबाजारी लाँड्रीवाला आणि त्याचा अनाथाश्रमात वाढलेला साथीदार ते बाळ पळवून त्याला गिऱ्हाईक शोधतात. परतलेली आईही सोबत निघते. खटारा व्हॅनमध्ये एक आगाऊ पोरगाही लपून आलेला. कार वॉशमध्ये तो काच खाली करतो, सगळे चिंब! तिथून ही टोळी घरच्यांसारखी वागू लागते. पोलिसांचा पाठलाग जरा ताणलाय, पण लाँड्रीवाल्याच्या भूमिकेत साँग कांग-हो लाजवाब. कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळवणारा तो पहिला कोरियन.